खडक म्हटलं की डोह

वायरलेसवर खरं बोलणारं एकच, ते म्हणजे हवामान खातं. आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही. बंदरातला हा जुना विनोद. नवीन साहेब बदली होऊन आले की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना तो ऐकवतं, साहेब पोट धरून हसतात, आणि महिन्याभरात त्यांच्या लक्षात येतं की यात विनोद असा काही नव्हताच.

सेट प्रत्येक बोटीवर असतो, आणि कान त्याहून जास्त असतात. "इथे मासळी लागलीय" असं एखाद्याने म्हणायची खोटी, तासाभरात निम्मं बंदर जाळी घेऊन तिथे हजर. म्हणून सगळेच खोटं बोलतात. जाळं फाटेस्तोवर मासळी आली तरी "तेल फुकट गेलं रे" म्हणून गळा काढतात, आणि असतात एकीकडे नि सांगतात भलतीकडेच. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट खरं सांगणाऱ्याकडे लोक जरा काळजीने बघतात, याला ताप वगैरे आलाय की काय म्हणून.

बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर वायरलेसची खोली आहे. तिथे ताई बसायची. पांढऱ्या मिशांचे तांडेलसुद्धा तिला ताईच म्हणत, पण खरी ताई ती एकाचीच, बारक्याची. बारक्या आता अंगापिंडाने चांगला दांडगा झाला होता, तरी लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. तो वडिलांचीच छोटी बोट वडिलांसारखीच एकट्याने चालवायचा. खलाशी ठेवायचा नाही, कारण खलाशाला तोंड असतं, असं वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, मत होतं, आणि अप्पांची मतं त्या घरात बोटीबरोबरच वारशाने आली होती.

बंदराच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे, समुद्रात एक मोठा खडक आहे. मध्ये डोंगराचं नाक आडवं येतं, त्यामुळे तिथून बंदराचा दिवाही दिसत नाही. खालच्या अंगाला, दक्षिणेकडे, तळाशी खोल डोह आहे. मासळी काय ती या दोन ठिकाणी. अप्पांनी घरात एक खूण ठरवून दिली होती: सेटवर खडक म्हटलं की डोह समजायचं आणि डोह म्हटलं की खडक. ही खूण फक्त दोन्ही मुलांना ठाऊक. कुणाला तरी ठाऊक असायलाच हवी, नाहीतर उद्या काही झालं तर शोधणार कुठे? पण त्यापलीकडे कुणालाही नाही. "बायकोलासुद्धा जागा सांगू नये," अप्पा म्हणायचे, "बायकोला भाऊ असतात."

"आणि बहिणीला?" परकरातल्या ताईने विचारलं होतं.

"बहिणीला नवरा येईपर्यंत चालेल."

ताईला नवरा आलाच नाही. तो काही या नियमापायी नव्हे. एकेकाचं राहून जातं तसं तिचं राहून गेलं. मग बारक्याचं लग्न झालं, भावजय घरात आली. तिला खरोखरच दोन भाऊ होते, दोघांच्या स्वतःच्या बोटी होत्या, आणि तिचं त्यांच्याशी रोज बोलणं होतं. तेव्हा बारक्या जाळं कुठे टाकतो हे लग्नानंतरही जगात एकट्या ताईलाच माहीत राहिलं. याचा तिला आनंद होता. तो ती कुणाला दाखवत नसे, पण संध्याकाळी सेटवर "खडकावर आहे, काही नाही आज" असं त्याचं रडगाणं ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते काही बहिणीच्या मायेचंच नव्हतं. ती त्या घरात अजूनही कुणीतरी होती, याचं होतं.

आता डबीची गोष्टही सांगायला हवी. दोन वर्षांमागे बंदराने प्रत्येक बोटीला एकेक डबी वाटली. ती बोटीवर लावली की बोट नेमकी कुठे आहे ते कचेरीतल्या पडद्यावर ठिपक्याने दिसतं. साहेबांनी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि डब्या घरी नेऊन कपाटांवर ठेवून दिल्या. आपली जागा आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडायला कुणाला वेड लागलं होतं? पडद्यावर बघावं तर बंदराची एकही बोट कधी समुद्रात गेलेली नसायची. सगळ्या आपल्या गल्लीबोळांत उभ्या.

त्या दिवशी सकाळी तो नुसता कमी दाबाचा पट्टा होता. दूर होता, आणि दुसरीकडेच निघाला होता. थोड्या वेळाने संदेश आला की त्याचं वादळ झालंय. दुपारी ते तीव्र झालं, आणि लोकांचे जेवणाचे डबे धुऊन होतात न होतात तोच अतितीव्र. नोकरीत माणसाला जन्मभरात मिळत नाही एवढी बढती त्याला एका दिवसात मिळाली. वर त्याने वाट वाकडी केली आणि तोंड सरळ इकडे वळवलं. "आता थट्टा पुरे," असं साहेब स्वतःशीच म्हणाले आणि बंदरावर धोक्याचा मोठा बावटा चढला.

ताई सकाळपासून सेटवर एकेकाला हाका मारत होती. या, परत या, असाल तिथून या. बोटी येत गेल्या. धक्क्याला जागा पुरेना, तेव्हा बोटीला बोट बांधली, मध्ये टायर अडकवले. लिलावाच्या छपराचे पत्रे दोरखंडांनी आवळले. खिडक्यांच्या काचांवर कुणीतरी कागदी पट्ट्यांच्या फुल्या चिकटवून गेलं. खालच्या वस्तीतली माणसं गाठोडी घेऊन शाळेकडे निघाली. सगळे आले, एक बारक्या सोडून.

त्याचा आवाज दुपारच्या सुमारास आला होता, तीव्र व्हायच्या आधी. तेव्हा समुद्र ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट होता.

"ताई, बारक्या बोलतोय. मशीन बसलंय. ओव्हर."

"बसलंय म्हणजे काय? ओव्हर."

"बसलंय म्हणजे बसलंय. चहा पाजला तरी उठत नाही. नांगर टाकून थांबलोय. खडकाच्या अलीकडे आहे मी. खडकाच्या. कुणाला तरी ओढायला पाठव. आणि बॅटरी मरायला टेकलीय, सेट बंद ठेवतो, दिवेलागणीला लावीन. ओव्हर."

ताईने हो म्हटलं आणि मनात डोह असं समजून घेतलं. ओढायला कुणाला पाठवावं याची जुळवाजुळव ती करत होती, तेवढ्यात पुढचा संदेश आला, मग त्यापुढचा. आणि आता कुणीच बाहेर जायला तयार नव्हतं, कुणाला जाऊ देणारही नव्हते. उरली ती बंदराची बचाव लाँच.

लाँचचा तांडेल दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, म्हणून त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. तो वर आला, दाराशी उभा राहिला. त्याच्या चपलांखाली पाणी साचलं. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिल टेकवली.

"एक फेरी होईल, फार तर. अंधार पडायच्या आत बंदराच्या तोंडाशी लाटा फुटायला लागतील, मग कुणी आत येणार नाही नि बाहेर जाणार नाही. खडकावर जा, त्याला उचला, बोट सोडून द्या, परत या."

"साहेब," ताई म्हणाली, "तो खडकावर नाही. डोहावर आहे."

साहेबांनी वळून पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत ना मघाशी, खडक म्हणाला म्हणून?"

मग ताईने सांगितलं. अप्पांची खूण, सगळं. जी गोष्ट आईलाही कळू दिली नव्हती ती तिने ट्यूबलाइटखाली उभं राहून दोन परक्या पुरुषांना सांगून टाकली. बोलताना तिला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं.

"अहो, पण मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं कशाला बोलेल?" साहेब म्हणाले.

"खोटं नाही साहेब. आम्ही असंच बोलतो. गेल्या वर्षी त्याचं सुकाणू तुटलं होतं, आठवतं? तेव्हाही खडक म्हणाला होता. मौनीबाबांना मी डोहावर पाठवलं, आणि सापडला कुठे?"

"डोहावर," मौनीबाबा म्हणाला.

साहेबांनी नकाशावरची पेन्सिल उचलली. तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली आणि भावजय आत आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. हातात पिशवी, पिशवीत एक टॉवेल, बारक्याचा कोरडा सदरा आणि टॉवेलात गुंडाळलेली डबी.

"हे कपाटावरच राहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, याचा काही उपयोग..." आणि डबी तिने टेबलावर ठेवली.

कोपऱ्यातल्या पडद्यावर बारक्याचा ठिपका घरातून निघून, रस्त्याने चालत, कचेरीपर्यंत आला होता. तिकडे कुणी बघितलं नाही.

"तो खडकावर आहे," भावजय म्हणाली. "पाठवली ना लाँच?"

ताईच्या मनात आलं, आता हिला सांगायला हवं, आणि आपल्याच तोंडाने. "अगं, ऐक. तो तुला खडक सांगतो आणि जातो डोहावर. पहिल्यापासून तसंच आहे. तुझे भाऊ..."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"परवा कळलं. भावाने त्याला डोहावर बघितलं, त्यानेच सांगितलं, हसत हसत. तुझा नवरा तुलाच फसवतो म्हणाला." भावजयीने पिशवी छातीशी धरली होती. "मी खूप भांडले. जेवले नाही. तेव्हा माझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाला, यापुढे तुला सांगेन तिथेच जाईन. आज निघताना पायरीवर उभं राहून म्हणाला, खडकावर जातो, खरंच खडकावर. ताई, तो खरं बोलत होता. मला कळतं की."

तुला कळतं! ताईच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर तिला रागच आला. बायको रुसली की नवरे कसल्या शपथा घेत नाहीत? ताटावर बसवायला माणूस चंद्रसुद्धा कबूल करतो. या दिवसांत मासळी डोहावर, बारक्याला ते ठाऊक, तो काय बायकोच्या रुसव्यापायी रिकाम्या खडकावर जाळं टाकेल? अप्पांचा मुलगा तो.

"जित्याची खोड असते गं ती," ती म्हणाली, "अशी एका दिवसात..." आणि थबकली. त्या म्हणीचा पुढचा तुकडा तिच्या ओठांवर आला होता, तो तिने गिळला. पण तो तिथे ऐकू आला, सगळ्यांनाच.

"मला एक ठिकाण सांगा," साहेब म्हणाले. "दोन्हीकडे जाता येणार नाही."

ताईने डोळे मिटले. अप्पांचा आणखी एक शब्द होता, आणि तो तिला मघापासून टोचत होता. अंगणात जाळी दुरुस्त करताना तिने विचारलं होतं, "आणि अप्पा, जिवावरच बेतलं तर?" अप्पांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "मग खरं बोलावं. मग कसली जागा नि कसलं काय." बारक्या तेव्हा जाळ्याच्या ढिगावर पडला होता, एवढासा. झोपला होता की जागा होता? तिला आठवेना. तिने पुन्हा पुन्हा तो ढीग डोळ्यांपुढे आणला, त्यावरची ती दोन मातकट पावलं आणली, पण चेहरा काही दिसेना.

आणि समजा, जागा होता. तरी दुपारी कुठे जिवावर बेतलं होतं? समुद्र सपाट होता. चहा पाजला तरी उठत नाही म्हणाला, थट्टा करत होता. त्याला काय स्वप्न पडलं होतं की संध्याकाळपर्यंत याचं एवढं होईल? नुसतं मशीन बिघडलं होतं, गेल्या वर्षी सुकाणू तुटलं होतं तसंच. आणि खडक दोनदा म्हणाला तो. बंदर ऐकतंय म्हणून ठासून म्हणाला. तिला सांगत होता, ताई, चुकू नकोस, डोह.

ती हे सगळं अगदी नीट, एकापुढे एक मांडत गेली. फक्त एक गोष्ट तिने मांडली नाही. बारक्या खडकावर असेल, तर त्याचा खरा शब्द आता त्या पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईकडे गेला होता.

"मौनीबाबा, तुम्ही बोला," साहेब म्हणाले.

"ताई सांगेल तिथे."

"डोह," ताई म्हणाली.

भावजय भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

लाँच गेली. खिडकीच्या फुलीतून ताईला ती बंदराच्या तोंडापर्यंत दिसली, मग वर उचलली गेली, मग दिसेनाशी झाली. वारा आता थांबून थांबून येत होता आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त घेऊन येत होता. खाली टायर बोटींच्या मध्ये रगडून ओरडत होते. लिलावाच्या छपराचा एक पत्रा सुटला आणि रस्ताभर खणखणत गेला. शिपायाने चहा आणून ठेवला. ताईने एक कप भावजयीपुढे सरकवला. ती तो बघतच राहिली, घेतला नाही. पुढचा संदेश आला तो साहेबांनी वाचला आणि घडी करून खिशात घातला. मोठ्याने वाचून दाखवला नाही, यावरून काय ते समजलं.

सेट खरखरला तेव्हा ताई खुर्चीतून अर्धी उठलीच.

"डोहावर पोचलो," मौनीबाबाचा आवाज. "इथे काही नाही. ओव्हर."

"नीट बघा. पाऊस आहे, दिसत नसेल. ओव्हर."

"फेरी मारली. दोन मारल्या. नाही."

"नांगर सुटला असेल! वाहत गेला असेल, वारा कुठला आहे बघा, त्या अंगाला बघा."

पुन्हा खरखर. वेळ किती गेला कोण जाणे. ताई सेटच्या जाळीवर नजर लावून बसली होती, जणू आवाज आधी तिथे दिसणार होता. मग मौनीबाबा म्हणाला, "ताई, तो इथे कधी नव्हताच. बोया नाही, जाळं नाही, काही नाही."

भावजय भिंतीपाशी उठून उभी राहिली होती.

"खडकाकडे जा," ताई ओरडली. "मौनीबाबा, तसेच खडकाकडे जा!"

सेटवर नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग, "ताई, माझ्याबरोबर चार पोरं आहेत."

साहेबांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला. काढून घ्यावा लागला, कारण ती सोडत नव्हती. "लाँच, परत या. ताबडतोब परत या. हा हुकूम आहे, माझा आहे, ताईंचा नाही. ओव्हर."

"साहेब, पाया पडते तुमच्या. माझी चूक झाली. त्याला का शिक्षा? दुसरी कुठली तरी बोट... मी जाते. मला चालवता येते, अप्पांनी शिकवलीय मला..."

"ताई, खिडकीतून बघा."

तिने बघितलं. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी भिंत. लाँचच आत येईल की नाही याचीच भ्रांत होती. ती आली, एका अंगावर कलंडत, रखडत. चारही पोरं कठड्याला बांधून घेतलेली. धक्क्यावरच्या लोकांनी दोर फेकले. मौनीबाबा वर आला नाही. खाली पावसातच एका खुंटावर बसून राहिला.

दिवेलागण झाली, पण दिवे कुठे होते? वीज केव्हाच गेली होती, सेट आणि तो कोपऱ्यातला पडदा कचेरीच्या बॅटऱ्यांवर चालू होते. ताईने साहेबांकडे हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने माइक दिला.

"ताई. बारक्या बोलतोय. ओव्हर."

आवाज दूरचा होता, आणि थट्टेचा नव्हता.

"बोल रे. बोल, बाळा."

"लाँच कुठवर आलीय? नांगर धरून आहे अजून, पण दोर झिजतोय. कुठवर आलीय? ओव्हर."

ताईला वाटलं, सेट आत्ता बंद पडावा. आयुष्यात पहिल्यांदा तिला तसं वाटलं.

"डोहावर पाठवली होती," ती म्हणाली. "मी पाठवली. ती परत आली, बारक्या. आता बंदराचं तोंड बंद झालंय."



"खडक म्हटलं होतं ना मी. दोनदा म्हटलं."

"दोनदा म्हणालास म्हणून तर..."

"अप्पा म्हणाले होते ना, जिवावर बेतलं तर खरं बोलावं."

"तू जागा होतास तेव्हा?"

"जागा होतो की."

"पण दुपारी कुठे बेतलं होतं रे? दुपारी समुद्र कसा होता..."

"तिकडे असेल तसा. इथे पाणी मला दुपारीच दिसलं. कधी नाही असं खालून उचलत होतं." मग तो म्हणाला, "असू दे, ताई. तुझ्या जागी मी असतो तर मीही डोहच म्हटलं असतं. अप्पांची पोरं आपण." हे तो खरंच तसं वाटून म्हणाला की तिच्यासाठी म्हणाला, ते तिला कळलं नाही, आणि यापुढे कधी कळणारही नव्हतं. "ती आहे का तिथे?"

"आहे."

"दे तिच्याकडे. बॅटरी आता जाईलच."

ताईने माइक पुढे केला. भावजयीने तो दोन्ही हातांनी धरला आणि बोलायला लागली, पण बटण दाबायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिचं बोलणं खोलीतच राहिलं. ताईने तिच्या बोटांवरून आपला अंगठा नेला आणि बटण दाबून धरलं.

"कुठे आहेस?" भावजय म्हणाली. "अरे, कुठे आहेस तू?"

ताईने बटण सोडलं.

"अगं, जवळच आहे." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता, घरातल्यासारखा. "नांगर कापला आता. वारा इकडचाच आहे, तोच ढकलतोय किनाऱ्याकडे. ताई उगाच घाबरते. बंदराचा दिवा दिसायला लागला मला."

ताईने पुन्हा बटण दाबलं.

"दिसतोय? खरंच दिसतोय?"

"खरंच. तुझ्या गळ्याशपथ. रडू नकोस, आणि..."

सेट खरखरला आणि गप्प झाला. ताईने दोनदा, तीनदा हाक मारली. मग माइक खाली ठेवला. खिडकीबाहेर बंदराचा दिवा जिथे असायचा तिथे वीज गेल्यापासून काळोखच होता. आणि असता, तरी खडकावरून तो कधी कुणाला दिसला नव्हता.

साहेबांनी पाठ फिरवली आणि ते नकाशाकडे बघत उभे राहिले. भावजयीने ओल्या पदराने तोंड पुसलं. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, पण वरून वाहणाऱ्या पाण्यापलीकडे त्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. मग ती ताईकडे वळली. मघाचं सगळं विसरून, लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं, "ताई, खरं बोलतोय ना तो? तुम्हाला कळतं त्याचं."

ताईने तिच्याकडे पाहिलं. तिचा हात आपल्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "खरं बोलतोय."

भावजयीने मान हलवली. मग पिशवीतून कोरडा सदरा काढला, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि तो आल्याबरोबर हाताशी असावा म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला.